कायमचा पत्ता

सैन्यात फॉर्म भरण्यात आयुष्याचा बराच भाग जातो, आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एक सध्याचा पत्ता, दुसरा कायमचा पत्ता. सध्याचा लिहिताना क्षणभर थांबावं लागतं, कारण नुकताच मागे टाकलेला पिनकोड बोटात बसलेला असतो. कायमच्या पत्त्याचं तसं नाही. तिथे मी साताऱ्याच्या आमच्या घराचा पत्ता सैनिक स्कूलच्या दिवसांपासून लिहीत आलोय. आधी हॉस्टेल, मग खडकवासला, मग डेहराडून, मग युनिट. दहाव्या वर्षानंतर त्या घरात मी सलग दोन महिने कधी राहिलेलो नाही.

सध्याचा पत्ता फरीदाबाद. ऑफिस दिल्लीत, पण क्वार्टरची वेटिंग लिस्ट अशी की नंबर लागेपर्यंत पोस्टिंग संपायचं. म्हणून एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. सकाळी बडखल मोडला व्हायोलेट लाइन पकडायची आणि सेंट्रल सेक्रेटेरिएटला उतरायचं. लग्नानंतरचं हे चौदावं घर. फर्निचर म्हणजे अर्थातच काळ्या पेट्या. ज्यांनी फौजी घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, चार पेट्या जोडून वर गादी टाकली की दिवाण होतो, एकीवर टेबलक्लॉथ टाकला की टीव्ही स्टँड. आमच्या सर्वात जुन्या पेटीवर पांढऱ्या रंगात 'कॅप्टन' लिहिलेलं आहे, त्यावर काळा हात मारून 'मेजर', त्यावर पुन्हा काळा हात मारून पुढचं. उन्हात नीट पाहिलं तर तिन्ही वाचता येतात.

आता विषयावर येतो. पेन्शनला पात्र होण्याची वीस वर्षं माझी दोन वर्षांपूर्वी झाली. कोर्समेट भेटले की हल्ली एकच विषय, पुढे काय. कुणी बाणेरला फ्लॅट बुक केलाय, कुणी एखाद्या कंपनीत सिक्युरिटी हेड व्हायच्या तयारीत आहे, एकाने वेल्ह्याकडे जमीन घेऊन आंबा लावलाय. मी सांगतो, मला एक टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायचीय. आत पलंग, ओटा, छोटं टॉयलेट, छपरावर सोलर पॅनल. त्यात बायको, मी, कॅमेरा आणि लांब लेन्स. आठवड्याची सहल म्हणत नाही मी. घर म्हणून तेच. अमेरिकेत निवृत्त जोडपी राहतं घर विकून अशा गाडीत वर्षानुवर्षं राहतात. तिकडे जागोजागी तळ आहेत, गाडी लावायची, विजेची वायर आणि पाण्याची नळी जोडायची, झालं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं, पण दोन्हींचा रोख सुट्टीवर आलेल्या पर्यटकाकडे आहे. गाडीतच राहणारा माणूस त्यात बसत नाही.

हे खूळ कुठून आलं, असं विचारणाऱ्यांना मी फोटो न काढलेल्या जनावरांची यादी ऐकवतो.

चुशूलच्या बाजूला पहाटेच्या गस्तीत काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी पाहिली. पाणथळीवर पातळ बर्फ होतं आणि ती दोघं एकमेकांसमोर उड्या मारत नाचत होती. मागे कियांगांचा, म्हणजे तिथल्या जंगली गाढवांचा, कळप उभा. अरुणाचलात खालच्या जंगलात धनेश डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज जुन्या रेल्वे इंजिनासारखा येतो, नवे जवान दचकून वर बघायचे. पोखरणच्या फायरिंग रेंजवर माळढोकाची मादी टार्गेट एरियाच्या कडेने शांतपणे चालत गेली आणि सेफ्टी ऑफिसरने ती पलीकडे जाईपर्यंत फायरिंग थांबवलं. यातल्या एकाचाही फोटो माझ्याकडे नाही. पुढच्या चौक्यांवर खासगी कॅमेरा चालत नाही, आणि चालू नयेच. पाठीशी काय आहे, डोंगराची कुठली रेषा दिसते, हे एका फोटोत किती सांगून जातं ते आम्हाला शिकवलेलं असतं. त्यामुळे बावीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं जे पाहिलं ते फक्त डोळ्यांत आहे. तिथे परत जायचंय, यावेळी सिव्हिलियन म्हणून, परमिट काढून, जिथवर परवानगी आहे तिथवर, आणि हातात घाई नसताना.

घाई नसणं हे महत्त्वाचं. वार्षिक रजेत ते जमत नाही. वीस दिवसांपैकी सहा प्रवासात, चार नातेवाइकांत, दोन बँकेत. उरलेल्या दिवसांत जनावर दिसलंच पाहिजे असा हट्ट धरला की माणूस गाइडला पैसे चारून पक्ष्याच्या घरट्याजवळ जातो, नाहीतर मोबाइलवर कॉल वाजवून घुबडाला झोपेतून उठवतो. असे फोटो रोज बघतो. घरट्यावरचा फोटो कितीही सुरेख असो, मला त्यात फोटोग्राफरची परतीची गाडी दिसते.

फरीदाबादला राहून वन्यजीवांवर काय लिहिणार, असं कुणालाही वाटेल. कारखाने, टायरचे ढीग, मथुरा रोडची वाहतूक आणि हिवाळ्यात छातीत भरणारा धूर. पण या शहराच्या पश्चिमेला अरवली आहे. जगातल्या अतिशय जुन्या पर्वतांपैकी एक, झिजून झिजून आता गुडघाभर उरल्यासारखी. रविवारी पाच वाजता मी निघतो. बडखलचा तलाव लागतो. पूर्वी दिल्लीकर इथे नौकाविहाराला येत, या शतकाच्या सुरुवातीला तो कोरडा पडला. आजूबाजूच्या खाणींनी आणि उपशाने भूजल खाली नेलं असं सगळेच सांगतात. या पट्ट्यातल्या खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ पासून बंदीचे आदेश दिले. आता तलाव पुन्हा भरायचे प्रयत्न चाललेत.

पुढे गुरुग्रामच्या रस्त्याला लागलं की मांगर गाव आणि त्यामागे मांगर बनी. बनी म्हणजे आपली देवराईच. गुदडिया दास बाबांचं स्थान, आणि फांदी तोडली तर बाबा बघून घेतील ही आसपासच्या गुर्जर गावांची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेमुळे राजधानीच्या इतक्या जवळ धौचं जंगल टिकलं. धौ म्हणजे आपल्याकडच्या धावड्याचा भाऊ. दरीच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली हिरवा गालिचा आणि पलीकडे क्षितिजावर गुरुग्रामचे टॉवर. साताऱ्याच्या माणसाला देवराई नवी नाही, पण शेजारच्या जमिनीचा भाव काय असेल याचा विचार करत देवराई पाहायची वेळ मला इथेच आली.

इथे नीलगाय आहे, कोल्हा आहे, साळिंदर आहे, तरस आहे, बिबट्या आहे. तरसाचा एक फोटो मला मिळाला, सात रविवार गेल्यावर. उजाडता उजाडता तो एका खडकावर आला, वारा माझ्याकडे होता, त्याने दोनदा मान वळवली आणि गेला. मी चार फ्रेम घेतल्या, एक बरी आहे. बिबट्या दिसलेला नाही, ओल्या वाळूत पंजे दिसले. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर गाडीखाली येऊन बिबटे मेले आहेत. रात्री त्या रस्त्यावर गाड्या कोणत्या वेगाने जातात ते पाहिलं की आश्चर्य मेलेल्यांचं वाटत नाही, रस्ता ओलांडून पोचलेल्यांचं वाटतं.

याच डोंगराची दिल्लीच्या हद्दीतली बाजू म्हणजे असोला भट्टी अभयारण्य. भट्टीला पूर्वी बदरपूरच्या रेतीच्या खाणी होत्या. खाणी बंद झाल्या तेव्हा मागे खड्डे आणि उघडा दगड उरला. तो भाग पुन्हा हिरवा करायला आलं ते टेरिटोरियल आर्मीचं १३२ इकॉलॉजिकल बटालियन, राजपूत. वाचकांतल्या माजी सैनिकांना ठाऊक असेल, पण इतरांसाठी सांगतो, या पलटणींत बहुतेक जवान निवृत्त होऊन परत आलेले असतात. पहिली अशी पलटण १९८२ मध्ये गढवालात उभी राहिली, मसुरीच्या उजाड झालेल्या चुनखडीच्या डोंगरांसाठी. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला १३६ बटालियन, महार, २०१७ पासून हेच काम करतं. बंदूक ठेवून कुदळ हातात घेतलेल्या या लोकांनी भट्टीत लाखो झाडं लावली. मुंबईच्या बीएनएचएसचं, म्हणजे आपल्या १८८३ सालच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, शिक्षण केंद्रही तिथेच आहे. त्या जंगलात एक निवृत्त हवालदार मला म्हणाला, "साहब, पहले साल तो पत्थर में ही पानी डाला." पुढचं काही बोलला नाही, झाडाकडे बोट दाखवलं.

गाडीबद्दल मी सल्ला घेतला तो आमच्या एका जुन्या सीओंचा. ते निवृत्तीनंतर दोन वर्षं पत्नीसह ट्रॅव्हलरमध्ये राहिले. त्यांनी फोनवर दोन तास ब्रीफिंग दिलं, त्याच जुन्या आवाजात. पाण्याची टाकी शंभर-सव्वाशे लिटरची असली तर दोघांना तीन दिवस पुरते, पण आंघोळ बादलीची, शॉवर विसरायचा. एसी बॅटरीवर रात्रभर चालत नाही, त्यामुळे एप्रिल ते जून मैदानी भागात राहायचं नाही, डोंगरात चढायचं. डोंगरात थंडी पडायच्या आत उतरायचं, नाहीतर पाण्याचे पाइप फुटतात. म्हणजे झालं काय, तर धनगरांचं वेळापत्रक. रात्रीचा मुक्काम ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर, मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा गुरुद्वाऱ्याच्या आवारात, तेही विचारून. गाडीचं तोंड कायम बाहेरच्या दिशेला. आणि झोपायच्या जागेवरून खाली न उतरता स्टिअरिंगवर पोचता आलं पाहिजे. हे शेवटचं ऐकून मी हसलो. ते म्हणाले, "हसू नकोस. एकदाच लागलं, पण लागलं."

टॉयलेटवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. आपल्याकडे विसर्जनाच्या सोयी नाहीत, त्यामुळे टाकी कुठे रिकामी करायची हा रोजचा प्रश्न. डीआरडीओने उंचावरच्या चौक्यांसाठी बायोडायजेस्टर विकसित केला, तेच तंत्र पुढे रेल्वेच्या डब्यांत आलं. पण छोट्या गाडीत त्याचं वजन आणि जागा परवडत नाही. सीओ साध्या, काढून नेता येणाऱ्या पेटीवर खूश होते.

कायद्याचं एक प्रकरण वेगळं आहे. बाजारात जुनी ट्रॅव्हलर स्वस्तात मिळते, गॅरेजवाला म्हणतो आणा, पलंग ठोकून देतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वर्ग नियमांत आहे. त्यात रीतसर नोंद करून घ्यायची, नाहीतर प्रत्येक राज्याच्या सीमेवर हवालदाराला आपलं स्वयंपाकघर समजावत बसायचं. शिवाय फरीदाबाद राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, इथे जुन्या डिझेल गाड्यांचे नियम कडक आणि बदलते. त्यामुळे इथून जुनी गाडी घ्यायचा मोह मी टाळला. ट्रॅव्हलर बनवणारी कंपनी तशीही आपल्या आकुर्डीची. पूर्वीचं नाव बजाज टेम्पो. अख्ख्या उत्तर भारतात लोक 'टेम्पो' म्हणतात तेव्हा मला उगाच बरं वाटतं.

एवढं सगळं वहीत लिहून झालं होतं, आणि मग मथुरा रोडच्या कडेला मी गाडिया लोहारांची वस्ती नीट पाहिली. रोज मेट्रोतून दिसायची, उतरून कधी गेलो नव्हतो. कॅमेरा ट्रायपॉडची एक लोखंडी पट्टी वाकली होती, ती सरळ करून हवी होती. रस्त्याच्या कडेला तीन-चार लाकडी गाड्या, पितळी चकत्या ठोकलेल्या, नक्षीदार, आणि त्यांना टेकून ताडपत्रीची घरं. भाता एक म्हातारी चालवत होती, घण तिची सून मारत होती. यांची कथा अशी सांगतात की १५६८ मध्ये चितोड पडल्यावर यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली, गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही, खाट सरळ टाकून झोपणार नाही, रात्री दिवा लावणार नाही. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात नेलं, शपथ पूर्ण झाली असं जाहीर झालं. पण बहुतेक गाड्या रस्त्यावरच राहिल्या.

पट्टी होईपर्यंत मी विचारलं, ही गाडी शेवटची कधी चालली? म्हातारी म्हणाली, सून लग्न होऊन आली त्याच्याही आधी. बैल विकले. आता पोलीस हटवतात तेव्हा हातांनी ढकलून वीस पावलं पुढे नेतो. मुलांना शाळेत घालायला पत्त्याचा कागद मागतात, राशनला मागतात, पत्ता काय लिहायचा? मग तिने विचारलं, तुमचं घर कुठे? मी फौजी आहे, घर बदलत असतं, असं म्हणालो, आणि बोलता बोलता निवृत्तीनंतर गाडीत राहायचा विचार आहे हेही सांगून टाकलं. सुनेने घण खाली ठेवला आणि दोघी इतक्या हसल्या की पलीकडचे लोक बघायला आले. म्हातारी म्हणाली, "तो बदल लो साहब। मकान हमें दे दो, गाड़ी तुम ले जाओ।"

पट्टीचे पन्नास रुपये झाले. सरळ झाली आहे, अजून वाकलेली नाही.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तीसुद्धा हसली, पण मग म्हणाली, "ती बरोबर बोलली." आमच्यात या विषयावर याआधी चर्चा झाली नव्हती असं नाही, पण तोपर्यंत ती माझी योजना ऐकून घ्यायची, जशी नवीन पोस्टिंग ऑर्डर ऐकून घेते. त्या रात्री तिने तिची बाजू मांडली.

तिने सात शाळांत शिकवलं आहे. एकाही ठिकाणी पर्मनंट झाली नाही, कारण पर्मनंट व्हायची वेळ आली की आमचा मूव्ह यायचा. प्रत्येक नव्या शाळेत सगळ्यात कमी पगारावर, सगळ्यात दंगेखोर वर्ग. फरीदाबादच्या शाळेत तिला पहिल्यांदा तिच्या आवडीचा आठवीचा वर्ग आणि विज्ञान मिळालं. आणखी एक गोष्ट मी कधी मोजली नव्हती. प्रत्येक क्वार्टरच्या मागे ती एक लिंबाचं झाड लावते. चौदा घरं, त्यातली नऊ अंगणवाली, नऊ लिंबं. एकाचंही लिंबू आम्ही खाल्लेलं नाही. "तुला न काढलेल्या फोटोंची यादी आहे ना," ती म्हणाली, "ही माझी."

पानिपत इथून लांब नाही, मागच्या वर्षी आम्ही स्मारकाला जाऊन आलो. तेव्हापासून ती स्वतःला बुणगा म्हणते. लढणाऱ्या फौजेच्या मागे बायका, मुलं, यात्रेकरू, स्वयंपाकाची भांडी घेऊन चालणारा जमाव. इतिहासकार सगळा दोष बुणग्यांना देतात, त्यांच्यामुळे फौजेची चाल मंदावली म्हणून. "त्यांना कुणी विचारलं होतं का, चालायचंय का?" हा तिचा प्रश्न. माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, मी चहा ठेवला.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट आहे आणि तिला ती मान्य आहे. वेळेवर निवृत्त व्हायचं तर अजून नऊ वर्षं. गुडघा आत्ताच जिना उतरताना बोलतो. तिला थायरॉइड आहे, ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकपासून किती लांब राहायचं हा हिशोब दरवर्षी कडक होत जाणार. आणि जनावरंही थांबणार नाहीत. माळढोक देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत. आपल्या सोलापूरजवळचं नान्नज माळढोकांसाठी राखलेलं, तिथे एखादा दिसला तर आता बातमी होते. भरतपूरला सैबेरियन क्रौंच यायचे. २००२ च्या हिवाळ्यानंतर एकही आला नाही. ते आले असते तेव्हा मी लेफ्टनंट व्हायच्या घाईत होतो.

मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज टाइप करून तयार आहे, पण पाठवलेला नाही. मुलीची बारावी मार्चमध्ये होईल. तिला विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही कुठेही राहा, पण हॉस्टेलच्या फॉर्मवर पालकांचा पत्ता कुठला टाकायचा ते आधी ठरवा.

ठरलं आहे ते इतकंच. जानेवारीत बारा दिवसांची रजा. सीओंनी त्यांची गाडी द्यायचं कबूल केलंय, ती आता त्यांच्या फार्मवर उभी आहे. फरीदाबादहून पलवल, कोसी, मथुरा करत भरतपूर, साधारण दीडशे किलोमीटर. पलवलच्या पुढे शेतातल्या पाण्यात सारसाची जोडी दिसायची शक्यता असते. केवलादेवच्या आत मोटार नेता येत नाही, सायकल किंवा सायकलरिक्षा, त्यामुळे गाडी बाहेर आणि आम्ही दोघं सायकलवर. मग धौलपूरकडे चंबळ. घडियाल वाळूवर उन्हात येतात, आणि नशीब असेल तर पाणचिरे खालच्या चोचीने पाणी कापत जाताना दिसतात. तिच्या अटी तीन. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, ही मी आधीच मान्य केलेली. पाचव्या दिवशी ती परत म्हणाली तर कारण न विचारता परत फिरायचं. आणि बारा दिवस स्वयंपाक मी करायचा, लंगरसारखा नव्हे, घरासारखा.

काल ती टेप घेऊन काळ्या पेट्या मोजत होती. सीओंच्या गाडीत पलंगाखाली किती जागा आहे ते तिने फोनवर विचारून घेतलंय. 'कॅप्टन' लिहिलेली पेटी बसते, इतर दोन बसत नाहीत.